आठवीच्या मुलांना वेबपेज शिकवतेय: प्रश्नचिन्हं, फोटो आणि वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

सातपुडा_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. पट ३१. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी पावरी, दोघा-तिघांच्या घरी गुजरी. शाळेत संगणक ९, त्यातले चालू ६, सगळ्यांवर विंडोज ७. नेट म्हणजे माझ्या फोनचं हॉटस्पॉट. लाईट असली तर तास होतो.

मी स्वतः २००६ साली एमएस-सीआयटी केलेली. वर्ड, एक्सेल, पत्र टाइप करणं, एवढ्यावर माझं संगणकाचं शिक्षण थांबलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याजवळ बसून एचटीएमएल, म्हणजे वेबपेज लिहायची भाषा, शिकले. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, फाईल ब्राउझरमध्ये उघडली, आणि माझं नाव पडद्यावर ठळक अक्षरांत आलं. तेव्हाच ठरवलं की हे माझ्या वर्गाला दाखवायचं. ही मुलं दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेलं बघतात. एकदा तरी स्वतः बनवलेलं पडद्यावर बघू देत.

डिसेंबरपासून दर शनिवारी तास घेते. टॅग म्हणजे कोणता मजकूर कसा दाखवायचा ते ब्राउझरला सांगणारी खूण. शीर्षकाचा टॅग, परिच्छेदाचा टॅग, यादी, फोटो, लिंक, इतपत झालंय. टॅग उघडला की बंद करायचा हे मी त्यांना गोठ्याच्या फाटकावरून सांगितलं. फाटक उघडं राहिलं तर पुढची सगळी ढोरं बाहेर. एका मुलाने ठळकचा टॅग बंद केला नाही आणि अख्खं पान ठळक झालं, तेव्हा वर्गातून आवाज आला, "मॅडम, ढोरं सुटली!" आता तोच आमच्या वर्गाचा शब्द झालाय.

तासाला विचारलेला एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसलाय. "मॅडम, हे वेब कोणाचं आहे? मालक कोण?" मी घरी जाऊन वाचलं आणि पुढच्या शनिवारी सांगितलं. टिम बर्नर्स-ली नावाच्या माणसाने १९८९ साली सर्न या संशोधन संस्थेत याचा प्रस्ताव मांडला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला मोफत वापरायला मोकळं केलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपलं बी आहे." हो, आपलं बी आहे.

आता अडचणी सांगते.

पहिली. मुलांना "आमच्या घरातली एक वस्तू" असं पान करायला दिलं होतं. एका मुलीने आजीच्या खापराबद्दल, म्हणजे मांडे भाजायच्या मातीच्या भांड्याबद्दल, लिहिलं. खापरावरचे मांडे कसे करतात, पुरण भरलेला उंडा लाटायचा नसतो तर हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा असतो, खापर चुलीवर पालथं कसं ठेवतात, नवीन खापर आणलं की आधी काय करतात. २२ ओळी. आजीला विचारून, वहीत उतरवून, दोन शनिवार बसून एकेक अक्षर शोधत टाइप केलं. सेव्ह करताना काहीतरी इंग्रजी सूचना आली, तिने ओके दाबलं. घंटा झाली, संगणक बंद केला. पुढच्या शनिवारी फाईल उघडली तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. टॅग जसेच्या तसे, शब्दांमधल्या जागा जशाच्या तशा, पूर्णविरामसुद्धा जागेवर. फक्त अक्षरं गेली. ती रडली नाही. खुर्चीतून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं. वहीची ती पानं तिने तोवर लहान भावाला दिलेली, ती चुलीत गेली. हे असं का झालं, आणि काही परत मिळेल का?

दुसरी अडचण मोठी आहे. वर्गाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मीच काढलेला. पालक, काही मुलं, मी. स्नेहसंमेलनाचे फोटो मी त्यात टाकले. एका मुलाचा नाचतानाचा, तोंड वेडंवाकडं झालेला फोटो कुणीतरी कापून त्याचं स्टिकर केलं. चार दिवसांत ते गावभर फिरलं, शेजारच्या गावच्या मुलांकडेही पोचलं. मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. वडील आले, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मॅडम, फोटो तुम्ही टाकला होता." खरं होतं. मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, ग्रुपमधले सगळे फोटो काढून टाकले. पण एकदा बाहेर गेलेलं परत आणता येत नाही.

तेव्हापासून ग्रुप बंद ठेवलाय. तरी वाटतं की हे माध्यम पूर्ण सोडूनही चालणार नाही. गृहपाठ, सुट्टीची सूचना, शिष्यवृत्तीची तारीख, सगळं त्यावरच पोचतं. मुलांनी केलेली पानं आईबापांनी बघावी असंही फार वाटतं. काही आया ऊसतोडीला, काही बाप कामासाठी सुरतेला. त्यांच्या हातात फोन आहे, लेकराची वही नाही.

तर पानं कुठे ठेवू, कशी दाखवू, आणि ग्रुपचं काय करू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगावं. मला घाई नाही, पण चूक पुन्हा व्हायला नको.

---

भुसावळ_अक्षरजुळणी

मॅडम, मी २२ वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका, पतपेढीचे अहवाल. तुमच्या मुलीची अक्षरं कुठे गेली ते मला नेमकं माहीत आहे, कारण सुरुवातीला माझीही गेली होती.

विंडोज ७ चं नोटपॅड फाईल सेव्ह करताना आपणहून जी पद्धत निवडतं तिचं नाव आन्सी. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. ती इंग्रजी सूचना नेमकं हेच सांगत होती की ही अक्षरं हरवतील. ओके दाबलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं. फाईल बंद झाल्यावर ते परत येत नाही, हे आधीच सांगतो, खोटी आशा देत नाही.

उपाय साधा आहे. "सेव्ह अ‍ॅज" उघडा, खाली "एन्कोडिंग"च्या चौकटीत यूटीएफ-८ निवडा, त्या पद्धतीत देवनागरी टिकते, वरच्या चौकटीत "ऑल फाइल्स" करा आणि नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लिहा. हे रिकाम्या फाईललाच करून घ्यायचं, पहिलं अक्षर टाइप करण्याआधी. आणि पानाच्या डोक्यात मेटा कॅरसेट यूटीएफ-८ ही ओळ प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती ओळ कायमची लिहून ठेवा, सुविचार लिहितात तिथे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रश्नचिन्हं मोजली तर थोडा माग लागतो. संगणक प्रत्येक मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळा मोजतो. "आजी" म्हणजे आ, ज आणि दीर्घ वेलांटी, तीन चिन्हं. "खापर" चार. "मांडे" पाच. शब्दांमधल्या जागा शिल्लक आहेत म्हणता, म्हणजे वाक्यांचा सांगाडा शिल्लक आहे. ज्याने लिहिलं त्याला तो सांगाडा बघून बरंच आठवतं. मी एकदा एका अहवालाची दोन पानं अशी उभी केली आहेत.

आता फॉन्टबद्दल. गावोगावी डीटीपीवाले अजून श्रीलिपी आणि कृतीदेव वापरतात. छपाईला ते चालतं. पण त्यातला मजकूर उचलून वेबपेजवर टाकला की फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण आत खरी देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांना मराठीचं कातडं चढवलेलं असतं. मुलांना पहिल्या दिवसापासून युनिकोडच द्या, त्यात आत खरी देवनागरी असते. टायपिंगला इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकवा, ते विंडोजमध्येच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. आठवडाभर बोटं अडखळतात, मग एकेक अक्षर शोधावं लागत नाही.

दिसण्याचं म्हणाल तर दोन-तीन गोष्टी माझ्या जिव्हाळ्याच्या आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला घासतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवायचा नियम सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, आहे, तो मराठीला लावू नका. शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठी अक्षर तिरकं करू नका, ठळक करा. फॉन्ट हवा असेल तर मुक्त हा चांगला आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला, फुकट आहे. नेट नसलं तरी फॉन्टची फाईल पानाच्या फोल्डरमध्ये ठेवून चालवता येतो.

---

पांझराकाठ

मॅडम, राम राम. मी शिक्षक नाही, साक्री तालुक्यात कांदा आणि कापूस करतो. पण पोरगा आठवीला आहे म्हणून लिहितो.

तुमच्या त्या पालकाच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आणि तुम्ही घरी जाऊन माफी मागितली हे वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला. आमच्याकडे कुणी घरी येत नाही.

घराघरात एकच तक्रार आहे. माझी आई रोज म्हणते, "दिनभर पोऱ्या मोबाईलमा डोकं खुपसीसन बठस." मीही तेच म्हणत होतो. मागच्या महिन्यात पोरगा म्हणाला, आबा, एका फाईलमध्ये आपल्या वावराची माहिती लिहू का? मामाच्या मुलाने त्याला तुमच्यासारखंच काहीतरी शिकवलेलं. त्याने बसून लिहिलं. किती एकर, कोणत्या साली विहीर खोदली, कोणत्या वर्षी पाणी आटलं. मला विचारून विचारून लिहिलं. पोरगा माझ्याशेजारी दोन तास बसला, फोन खिशात. मॅडम, असं किती वर्षांनी झालं ते मला सांगता येणार नाही.

ग्रुपचं मला जे समजतं ते सांगतो. आमचा कांद्याच्या भावाचा ग्रुप आहे, चारशेच्या वर माणसं. भाव येतो सकाळी दहाला, आणि साडेदहाला तो नमस्कार, वाढदिवस आणि देवाच्या फोटोखाली गाडला जातो. मग दिवसभर माणसं विचारतात, भाव काय शे भाऊ? शेवटी आम्ही ठरवलं, ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहील. तेव्हापासून शांतता आहे. तुमच्या वर्गाच्या ग्रुपलाही तेच करा. ज्याला विचारायचं तो तुम्हाला स्वतंत्र विचारेल.

आणि माझं गाऱ्हाणं एवढंच. मुलांच्या ग्रुपमध्ये मुलींच्या घरचे नंबर सगळ्यांना दिसतात. माझ्या पुतणीला त्यातूनच नंबर काढून रात्री अपरात्री मेसेज आले. आम्ही नंबर बदलला. शाळेला सांगितलं तर म्हणाले ग्रुप आमचा नाही, पालकांचा आहे. याचा काही तोड असेल तर कुणीतरी सांगा.

---

नंदुरबारची_पोर

पांझराकाठ भाऊ, तोड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा ग्रुप न काढता कम्युनिटी काढायची. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. अ‍ॅडमिनला दिसतात, आणि ज्यांनी तो नंबर आधीच सेव्ह केलाय त्यांना. लिहिणारे फक्त अ‍ॅडमिन. शाळेसाठी तेवढंच पुरेसं आहे. पुतणीला सांगा, चूक तिची नव्हती.

मॅडम, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतच शिकले, आता पुण्यात वेबसाइट बनवायचं काम करते. मी पहिलं वेबपेज पाहिलं ते अकरावीत. तुमची मुलं आठवीत बनवतायत, म्हणून रात्री बसून लिहितेय.

आधी एक सांगते, ज्यामुळे तुमचे बाकीचे प्रश्न सोपे होतील. पान आणि ग्रुप या दोन वेगळ्या जागा समजा. मजकूर, फोटो, मुलांचं काम पानावर राहू दे. ग्रुपमधून फक्त लिंक जाऊ दे. पानावरचा फोटो चुकला तर तुम्ही तो काढू शकता, पान बदलू शकता, अख्खं पान बंद करू शकता. फोटो कुणी आधीच उतरवून घेतला तर ते पानावरही थांबवता येत नाही, म्हणून कोणता फोटो टाकायचा हा विचार आधीच करायचा. पण ग्रुपमध्ये टाकलेला फोटो त्याच क्षणी साठ फोनमध्ये उतरतो, तिथे तुमच्या हातात काहीच उरत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत पान नेटवर टाकूच नका. वर्गातल्या वर्गात दाखवा. शाळेच्या एका संगणकाला किंवा तुमच्या लॅपटॉपला वायफाय असेल तर त्यावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाका. विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती आहे, त्याच्या पुढची उतरवू नका. मुलांच्या पानांचं फोल्डर उघडून पायथनचा एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ती पानं दुसऱ्या फोनना पुरवणारा प्रोग्राम, एका ओळीच्या आदेशाने सुरू होतो. भाच्याला विचारा, तो लिहून देईल. मग फोनचं हॉटस्पॉट चालू करा, मोबाइल डेटा बंद ठेवा, लॅपटॉप आणि पालकांचे फोन त्या हॉटस्पॉटला जोडा. फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक), मग कोलन आणि पुढे ८००० लिहिलं की पान प्रत्येकाच्या फोनवर उघडतं. एक रुपयाचं नेट लागत नाही आणि वर्गाबाहेर काही जात नाही. एका फोनला आठ-दहा फोन जोडले जातात, म्हणून पालकांना पाळीपाळीने बोलवा. फायरवॉल परवानगी विचारेल, ती द्या. ब्राउझरची काळजी नको. क्रोम विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीला थांबलंय, पण मुलं जे शिकतील त्याला ते भरपूर आहे.

नंतर सुरतेच्या बाबांना दाखवायचं असेल तेव्हा गिटहब पेजेस वापरा, पानं नेटवर ठेवायची ती सेवा फुकट आहे. खातं तुमच्या नावाने, मुलांच्या नाही. एक खड्डा सांगून ठेवते, त्यात सगळे पडतात. फाईलची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षराचा फरक कळत नाही, गिटहबच्या सर्व्हरला कळतो. शाळेत दिसणारा फोटो नेटवर गायब होतो आणि मुलं समजतात आपलंच चुकलं. मराठीत फाईलचं नाव दिलं तर ग्रुपमध्ये लिंक टाकल्यावर टक्केवारीच्या खुणांची हातभर शेपटी दिसते, लोक घाबरून दाबतच नाहीत.

फोटोचं वजन बघा. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. पेंटमध्ये उघडून रुंदी १००० पिक्सेल करा, सहसा दोनशे केबीच्या आसपास येतो. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. मुलांच्या घरी फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करा.

शेवटी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ. तुम्ही मोठ्या पडद्यावर शिकवताय, पालक साडेसहा इंचावर बघणार. ती ओळ नसेल तर पान मुंगीएवढं दिसतं. फोटोच्या टॅगमध्ये अल्ट लिहायला लावा, म्हणजे फोटोत काय आहे त्याचं एक वाक्य. फोटो उघडला नाही तर ते वाक्य दिसतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. मुलांना हे फार चांगलं जमतं, कारण त्यांना गोष्ट सांगायची असते.

---

अमळनेर_निवृत्त

ताई, मी ३४ वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. संगणक मला फारसा येत नाही, पण तुमच्या प्रश्नाशी माझ्या गावाचं जुनं नातं आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या मुलांसाठी ते एक दैनिक काढत, हाताने लिहिलेलं. छापखाना नव्हता, पैसा नव्हता. वाचणारे कोण, तर त्याच वसतिगृहातली मुलं. तुमच्या शाळेतलं नेटशिवाय चालणारं पान मला त्याच जातीचं वाटतं. वाचक थोडे असोत, पण ओळखीचे असोत. आठवीतल्या मुलाला आधी आपल्या आजीने वाचावं. जगाने वाचायचं ते मागून बघता येईल.

परवानगीचं मात्र तोंडी ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. तुमचा शैक्षणिक हेतू कितीही शुद्ध असला तरी कागद करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा, ठराव लिहा, मुख्याध्यापकांची सही घ्या. पालकांसाठी एका पानाचं पत्र, सोप्या मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. मुलालाही विचारा. आपण त्याला विचारायचं विसरतो. बाप हो म्हणाला आणि मुलगा मान खाली घालून उभा राहिला, तर ते नाही समजा.

पानावर मुलांची पूर्ण नावं, गावाचं नाव, चेहरा, यांतलं काहीच नसलं तरी बिघडत नाही. आणि १३ वर्षं ही व्हॉट्सअ‍ॅपची, इन्स्टाग्रामची स्वतःचीच अट आहे. त्याहून लहान मुलांना ग्रुपमध्ये घेऊ नका. कुणी छळत असेल तर १०९८ हा नंबर मुलांना पाठ असावा.

त्या स्टिकरवाल्या मुलाचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत. तो शाळेत आला का?

---

सातपुडा_मास्तरीण

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सर, तो आला. मी त्याला काही समजावलं नाही. शनिवारी त्याला लॅपटॉपवर सर्व्हर चालू करायचं काम दिलं. आता आयपी पत्ता फळ्यावर तोच लिहितो, फोन तोच जोडून देतो. परवा त्याने स्वतःहून विचारलं, "मॅडम, फोटोचं स्टिकर करता येऊ नये असं पान करता येतं का?" मी खरं सांगितलं, नाही येत, दिसतं ते उतरवता येतं. तो म्हणाला, "मग चेहरेच नको टाकायला." वर्गाने तोच नियम केला. त्याच्याच अक्षरात तो संगणक खोलीच्या दारावर चिकटवलाय. कागद थोडा वाकडा लागलाय, मी सरळ केला नाही.

ठराव झाला. ३१ पैकी २७ सह्या आल्या. चौघांनी नको म्हटलं. त्यांची पानं फक्त शाळेत दिसतात, आणि ती चारही पानं आम्ही तितक्याच कौतुकाने वाचतो. ग्रुप बंद करून कम्युनिटी काढली, लिहिणारी मी आणि मुख्याध्यापक. मुलं त्यात नाहीत, फक्त पालक.

आता खापराचं. भुसावळकर दादा, तुमचं वाचून मी प्रश्नचिन्हांची फाईल मोठ्या अक्षरात छापून आणली आणि त्या मुलीला दिली. ती कागदावर पेन्सिल घेऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, हे चार म्हणजे खापर." मग तिला खापर जिथे जिथे होतं ते सगळं सापडलं. मग आजी. मग मांडे. ती प्रश्नचिन्हांवर अक्षरं लिहीत गेली, जशी आपण गाळलेल्या जागा भरतो. पहिल्या दिवशी ९ ओळी जमल्या. बाकीच्या अडल्या तेव्हा ती म्हणाली, आजीलाच आणते.

आजी आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, संगणक खोलीच्या दारात चपला काढल्या. कागद बघून म्हणाल्या, हे काय उंबराचे फळ टाकेल शे का ओळीनं? नातीने सांगितलं. त्यांनी खुर्चीवर बसून पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी जास्त सांगितलं. त्यांचं खापर त्यांच्या आईचं आहे. माहेरहून निघताना बैलगाडीत मांडीवर धरून आणलेलं, वाटेत तापी ओलांडताना गाडीला हिसका बसला तेव्हा त्यांनी आधी खापर सांभाळलं आणि कपाळ गाडीच्या लाकडावर आपटलं. कपाळावरची खूण त्यांनी पदर सरकवून दाखवली. नातीला हे माहीत नव्हतं. तिची बोटं कळफलकावर थांबली आणि ती आजीच्या कपाळाकडे बघत राहिली. मग वळून मला विचारलं, "मॅडम, आधी यूटीएफ-८ करून सेव्ह केलंय ना?" केलं होतं.

पान आता ३४ ओळींचं आहे. शीर्षक तिने अहिराणीत ठेवलंय, "मन्ही आजीनं खापर". मागचा रंग काळा हवा होता, पण नुसता काळा नाही, चुलीवरच्या खापराचा. तीन दुपारी ती रंगाचे आकडे बदलत बसली. शेवटी तपकिरीकडे झुकणारा एक काळा सापडला, त्यावर अक्षरं पांढरी न ठेवता कणकेच्या रंगाची केली. मी काही सुचवलं नाही.

फोटो आजीच्या घरी काढला, लोकेशन बंद करून. चेहरा नाही, फक्त दोन हात आणि त्यांवर पसरलेला मांडा, कोपरापर्यंत आलेला. अल्टमध्ये तिने लिहिलंय, "आजीच्या हातांवर मांडा मोठा होत आहे, खालून हात दिसत आहेत."

सुरतेला तिचे वडील आहेत. त्यांना लिंक पाठवली. फोनवर पान उघडलं पण फोटो उजवीकडे बाहेर जातोय, अर्धा मांडा दिसत नाही असं ते म्हणाले. नंदुरबारच्या ताई, व्ह्यूपोर्टची ओळ लिहिलेली आहे. आणखी काय राहिलं?

---

नंदुरबारची_पोर

मॅडम, सीएसएसमध्ये इमेजच्या नियमात दोन ओळी घाला. मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची आकड्यांत लिहिली असेल तरी हरकत नाही, नियम त्याच्यावर चालतो. लिंक मला खासगीत पाठवा, मीही माझ्या फोनवर बघून सांगते.

---

सातपुडा_मास्तरीण

झालं ताई. दोन ओळी तिनेच लिहिल्या, मी फक्त तुमचा निरोप वाचून दाखवला. लिंक पाठवलीय. वडिलांचा रात्री फोन आला होता, पूर्ण मांडा दिसतोय म्हणाले. आणि मग म्हणाले, आईचे हात एवढे बारीक झालेत ते इथून कळलं नव्हतं. अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येतायत.